तो दिवसभरात काय काय करतो?

लॉरेल खोरं, केंटकी
१४ एप्रिल १९९६

प्रिय व्हर्लिन,

तू डेटनला पोचल्याचं पत्र मिळालं. वाटेत दम लागला का ते तू लिहिलं नाहीस. म्हणजे लागला असणार. लागला असेल तर तसं लिहायचं. मी इथे उगाच नाही नाही ते मनात आणत बसतो.

पेन्शन ऑफिसातून फॉर्म आला. सरकारी पाकीट होतं. वाटलं माझ्याच म्हातारपणाच्या पेन्शनीत काहीतरी चूक निघाली. तीनदा हातात घेतलं, तीनदा ठेवलं. मग उघडलं तर तुझ्या आजारपणाच्या पेन्शनीबद्दल. तू अर्जात 'मला जवळून ओळखणारा माणूस' म्हणून माझं नाव घातलंस, ते चांगलं केलंस. मार्चचा अख्खा महिना तू माझ्याकडे होतास, माझ्याइतकं दुसरं कोण सांगणार? नाहीतर ते शेजारच्या कुणाला तरी विचारत बसले असते.

आठ पानं आहेत रे. तो दिवसभरात काय काय करतो? घरातली कुठली कामं करतो? बाहेर पडतो का? लोकांशी पटतं का? माझी शाळा चौथीत सुटली, मला चार दिवस लागले. आधी पेन्सिलीने लिहिलं, मग पेनाने गिरवलं, मग पेन्सिल खोडली. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात छापलंय की खोटी माहिती देणाऱ्याला दंड किंवा तुरुंग. ते वाचल्यावर चिकटवलेलं पाकीट फोडून सगळं पुन्हा वाचून काढलं. पोस्टातल्या बाईंना विचारलं, असं खरंच कुणाला आत टाकतात का? त्या म्हणाल्या, "एस्टिल, तुम्हाला आत टाकून त्यांना काय मिळणार? उलट तुमचा चहा पण त्यांनाच करून द्यावा लागेल." पण त्यांना काय जातंय म्हणायला.

तू काळजी करू नकोस. तुझं नाव मी राखलंय. गेहार्टांच्या घरात कुणी ऐतखाऊ निपजला असं म्हणायला मी कुणाला जागा ठेवलेली नाही.

कुऱ्हाड तू सोडलीस तिथेच आहे. मी तिला हात लावलेला नाही.

तुझा,
एस्टिल


डेटन, ओहायो
२ मे १९९६

दादा,

चार दिवस खपून फॉर्म भरलास. मला ठाऊक आहे तुला सरकारी कागद किती भिववतो. मी हे विसरणार नाही. ऑफिसातली बाई म्हणाली, घरच्या माणसाचा कागद फार वजनदार धरतात, कारण डॉक्टर दहा मिनिटं बघतो आणि घरचा माणूस रोज बघतो.

मी ठीक आहे. फाउंड्रीत लोखंड ठोकायच्या हवेच्या हातोड्याने बोटं झोपवली ती अजून उठलेली नाहीत, एवढंच. तिथल्याच धुळीने धरलेल्या छातीचं म्हणशील तर जिना दोन हप्त्यांत चढतो. रेना म्हणते, तिसरा हप्ता चुकला तर घरमालक खालीच ठेवेल.

पेन्शनपेक्षा मला त्याबरोबर मिळणारं दवाखान्याचं कार्ड हवंय दादा. कारखाना बंद झाला तसा विमा गेला. डॉक्टरने ऑक्सिजनची टाकी लिहून दिलीय, पण कार्ड नसेल तर दुकानवाला चिठ्ठीकडे बघतसुद्धा नाही. रेना शाळेच्या स्वयंपाकघरात आहे, तिथे विमा नाही.

होबर्ट स्लोन दर मंगळवारी त्याच्या गाडीतून दवाखान्यात नेतो. आपल्या खोऱ्यातून आम्ही दोघं एकाच गाडीने इथे आलो होतो, ते तो अजून ऐकवतो. "तेव्हाही तुझी बॅग मीच उचलली होती," म्हणतो. खोटं बोलतो मेला. बॅगच नव्हती माझ्याकडे, पिशवी होती.

व्हर्लिन


डेटन
११ जुलै १९९६

दादा,

अर्ज नाकारला.

पत्रात कारण दिलंय. जसंच्या तसं उतरवतो: 'तुम्हाला ओळखणाऱ्या व्यक्तीच्या सांगण्यानुसार तुम्ही पहाटे पाचला उठता, कोंबड्यांना दाणे घालता, लाकडं फोडता, गाडी चालवत चर्चला जाता, आणि शेजाऱ्यांना मदत करता. तुम्ही हलकं काम करू शकता असं आम्हाला वाटतं.'

कुठल्या कोंबड्या? या भाड्याच्या खोलीत? मी आणि रेना दोन दिवस एकमेकांकडे बघत बसलो. हे कुणी सांगितलं? डेटनमध्ये मला ओळखणारा आणि आपल्या खोऱ्यातली भाषा बोलणारा एकच माणूस आहे. होबर्ट. त्याच्या सासरच्या अंगणात कोंबड्या आहेत. तिथे एकदा मी मूठभर दाणे टाकले होते. ऑफिसवाल्यांनी फोन केला असणार आणि तो आपला तोंड सुटल्यासारखा बोलला असणार. की मुद्दाम? त्याचा स्वतःचा अर्ज मागच्या वर्षी नाकारला होता.

तुझ्या कागदाचं पत्रात नावच नाही. इतकं खपून लिहिलेलं त्यांनी वाचलंही नसेल.

व्हर्लिन


लॉरेल खोरं
२० जुलै १९९६

प्रिय व्हर्लिन,

तुझं पत्र वाचून जेवण गेलं नाही. पुन्हा अर्ज कर. साठ दिवसांच्या आत करायचा असतो असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. तारीख चुकवू नकोस. पाकिटाला दोन तिकिटं लाव.

होबर्टचं म्हणशील तर घाई करू नकोस. माणूस बडबड्या आहे, पण वाईट नाही. कधीकधी एखादा चांगल्या मनाने बोलतो आणि समोरचा ते वेगळंच ऐकतो. असं होतं.

इथे शेंगा बऱ्या आल्यात. दोऱ्यात ओवून ओसरीवर वाळत घातल्यात, तुझ्यासाठी एक पिशवी पाठवीन. पिवळी कोंबडी कोल्ह्याने नेली. माझ्या गुडघ्यात पाणी झालंय. पाऊस नाही.

आणखी काय लिहू? लिहायचं खूप होतं पण पेन चालत नाही.

एस्टिल


डेटन
३ नोव्हेंबर १९९६

एस्टिल भाऊजींना रेनाचा नमस्कार.

मी पत्र लिहिणारी नाही हे तुम्हाला माहीत आहे. हे लिहितेय ते ह्यांना सांगितलेलं नाही.

दुसऱ्यांदाही नकार आला. तेच कारण, त्याच कोंबड्या. आता न्यायाधीशासमोर सुनावणी मागितलीय, तिला वर्ष लागेल म्हणतात. एक वकीलबाई मिळाल्यात, जिंकलो तरच त्या पैसे घेतात.

होबर्टचं आणि ह्यांचं ऑगस्टमध्येच तुटलं. चर्चच्या पायऱ्यांवर, सगळ्यांसमोर. हे म्हणाले, "किती मिळाले रे माझं नाव विकून?" होबर्ट आधी हसला, त्याला वाटलं चेष्टा आहे. मग त्याला कळलं. तो म्हणाला, "व्हर्लिन, तू आजारी आहेस म्हणून आज तुझे दात तोंडात राहिलेत." आणि गेला. मंगळवारची गाडी बंद झाली. मी शाळेतून सुट्टी घेऊ शकत नाही, म्हणून हे दोन बस बदलून एकटे दवाखान्यात जातात. मागच्या मंगळवारी दुसऱ्या बसपर्यंत पोचलेच नाहीत. फुटपाथवर बसलेले एका बाईला सापडले. तिने विचारलं कुणाला फोन करू, तर म्हणाले, कुणाला नको, मी हवा खातोय.

भाऊजी, सकाळी शर्टाची बटणं मी लावते. वहाणेचा पट्टा मी बांधते. खुर्चीत बसून झोपतात, आडवं होता येत नाही. हे तुम्ही मार्चमध्ये बघितलंय. म्हणून विचारते. तुम्ही त्या फॉर्मात नेमकं काय लिहिलं होतं? तुमचा कागद त्यांनी वाचला असता तर असा निकाल कसा लागला असता? त्याची नक्कल असेल तर पाठवा, वकीलबाईंना दाखवते.

रेना


लॉरेल खोरं
१२ नोव्हेंबर १९९६

प्रिय व्हर्लिन,

हे पत्र मी जुलैत लिहायला हवं होतं. तेव्हा शेंगांचं लिहिलं.

होबर्टने काही सांगितलेलं नाही. मी सांगितलं. कोंबड्या माझ्या आहेत. तू मार्चमध्ये पहिल्या आठवड्यात त्यांना दाणे घातलेस, मग वाकता येईना म्हणून सोडलंस. मी पहिला आठवडाच लिहिला. पाचला उठतो लिहिलं, कारण तू खुर्चीत जागाच असायचास. चर्चला गाडी चालवत गेलास एकदा, येताना मी चालवली. ते येतानाचं मी लिहिलं नाही. आणि लाकडं. तू एक घाव घातलास, कुऱ्हाड ओंडक्यात रुतली, तुला ती ओढून काढता आली नाही. तू ओंडक्यावर बसलास, तोंड राखेसारखं झालं होतं. मी खिडकीतून बघत होतो. बाहेर आलो नाही, तुला वाटू नये की मी बघितलं. फॉर्मात लिहिलं, लाकडं फोडतो.

मला वाटलं ते तुझी चौकशी करतायत, हा माणूस कसा आहे म्हणून. चांगला माणूस असेल तर पेन्शन देतील. आपल्याकडे असंच नव्हतं का? तुला आठवणार नाही, तू पाळण्यात होतास. बाबांच्या पाठीवर खाणीतला दगड पडला त्या वर्षी मदत ऑफिसची बाई वही घेऊन घरी यायची होती. आईने आदल्या दिवशी स्लोनांकडून डुकराची मांडी उसनी आणली आणि मांस धुरावर टिकवायच्या आपल्या रिकाम्या धुरघरात टांगली. आम्हाला धुतलेले शर्ट घातले. बाई आत डोकावली आणि वहीत लिहिलं, 'घरात मांस आहे.' मदतीचं पिठाचं पोतं बंद झालं. आईने मांडी परत केली तेव्हा एक तुकडासुद्धा कापलेला नव्हता. त्या हिवाळ्यात आम्ही काय खाल्लं ते सांगत नाही. पण आईला कुणी कधी चुकलीस म्हणालं नाही. मी पण नाही. सरकारी वहीत आपल्या माणसाचं उणं लिहू द्यायचं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो आणि साठ वर्षं तेच धरून बसलो.

जुलैत तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं. तेव्हा भीती वाटली. तुझी पण, आणि त्या बारीक अक्षरांची पण. आता खरं सांगितलं तर आधीचं खोटं ठरतं, आणि मला या वयात आत टाकतील. खोटं का बोलू, होबर्टच्या मागे लपायला बरं वाटलं.

रेनाला सांग, नक्कल माझ्याकडे नाही. मी हे लिहिल्यावर तू पत्र लिहिलं नाहीस तरी चालेल. पण होबर्टकडे जा.

एस्टिल


डेटन
१९ जानेवारी १९९७

दादा,

तुझं पत्र येण्याच्या तीन आठवडे आधी वकीलबाईंनी मला फाइल दाखवली होती. रेनालाही मी सांगितलं नव्हतं. पहिल्या ओळीतच तुझं अक्षर ओळखलं. पेन्सिल नीट खोडली गेली नव्हती. मी वाट बघत होतो, तू आपणहून लिहितोस का. लिहिलंस.

तू खिडकीत होतास ते मला माहीत होतं. पडदा हलला होता.

होबर्टकडे गेलो होतो. दार त्याच्या बायकोने उघडलं. तो आत टीव्ही बघत होता, आवाज वाढवला. मी पायरीवर थोडा वेळ बसलो, कारण लगेच उठता येत नव्हतं. त्याला वाटलं असेल मी हट्टाने बसलोय.

आता एकच कर. वकीलबाई म्हणतात, न्यायाधीशांना नवीन कागद दे. जे बघितलंस ते सगळं लिही. माझं नाव राखू नकोस. शिक्षेबिक्षेचं काही होत नाही असं त्या म्हणतात.

व्हर्लिन


लॉरेल खोरं
९ फेब्रुवारी १९९७

माननीय न्यायाधीश साहेब,

मी व्हर्लिन गेहार्टचा थोरला भाऊ. मी आधी एक फॉर्म भरला होता, तो चुकीचा आहे. चूक माझी, त्याने मला तसं सांगितलं नव्हतं.

तो दिवसभरात काय काय करतो असं तुम्ही विचारलं होतं. तो खुर्चीत बसतो. खिडकीतून बघतो. कप दोन्ही हातांनी धरतो आणि तरी सांडतो, मग कुणाच्या लक्षात यायच्या आत बाहीने पुसतो. बारा पावलांवर संडास आहे, तिथून येताना मधे भिंतीला टेकतो आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखं करतो. मार्चचं कॅलेंडर त्याने महिनाभर वाचलं. एकदा पोचला नाही. मी त्याची पँट धुतली आणि आम्ही दोघं त्या दिवशी बेसबॉलबद्दल बोललो.

लहानपणी त्याला मीच बटणं लावायला शिकवली. मार्चमध्ये मीच लावून दिली.

मी चौथीपर्यंत शिकलोय. हे सगळं खरं आहे. माझ्या भावाबद्दल हे कागदावर लिहायला मला अकरा दिवस लागले.

एस्टिल गेहार्ट


डेटन
२० सप्टेंबर १९९७

भाऊजी,

परवा सुनावणी झाली. हे तुम्हाला लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहिते. दोन कागद फाडले, हा तिसरा.

न्यायाधीश म्हातारे आहेत, आवाज चढवत नाहीत. त्यांनी तुमचे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. दुसरा मोठ्याने वाचला, सगळा. बेसबॉलपर्यंत. ह्यांनी मान वर केली नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग ते म्हणाले, "मिस्टर गेहार्ट, एका माणसाने एकाच गोष्टीबद्दल दोन उलट गोष्टी लिहून दिल्यात, दोन्हीखाली सही आहे. यातला एक कागद खरा नाही. कुठला?"

वकीलबाईंनी ह्यांच्या कोपराला हात लावला. फक्त 'पहिला' म्हणायचं होतं भाऊजी. एक शब्द.

हे म्हणाले, "साहेब, माझ्या भावाने आयुष्यात कधी खोटं लिहिलेलं नाही."

"म्हणजे पहिला कागद खरा?"

"त्याने लिहिलंय तर खरा असेल."

"तुम्ही लाकडं फोडता?"

"फोडली आहेत, साहेब."

बाहेर आल्यावर मी विचारलं, काय केलंत हे? तर म्हणाले, "त्याला त्या बारीक अक्षरांची भीती वाटते. तुला माहीत नाही, तो पाकीट बघून घाबरतो. मी त्याला खोटारडा म्हणालो असतो आणि त्यांनी ते लिहून घेतलं असतं." मग जिना चढता चढता मधेच बसले आणि मला म्हणाले, जा पुढे, मी येतो. मी गेले नाही. आम्ही दोघं तिथेच बसलो.

टाकी नाही, कार्ड नाही. रात्री त्यांचा श्वास मोजते मी. तुम्ही दोघं एकमेकांचं नाव राखता राखता मला विधवा करणार आहात.

वकीलबाई रडल्या नाहीत एवढंच. त्यांनी न्यायाधीशांकडून तीस दिवस मागून घेतले. एस्टिल गेहार्ट स्वतः येऊन शपथेवर बोलले तर ऐकून घेईन, असं ते म्हणालेत. सतरा ऑक्टोबर, सकाळी दहा. तुम्ही कधी ओहायो नदी ओलांडलेली नाही हे मला माहीत आहे. मी आग्रह करत नाही. मी फक्त तारीख लिहिते.

रेना


लॉरेल खोरं
१० ऑक्टोबर १९९७

प्रिय व्हर्लिन,

हे पत्र माझ्या आधी तुझ्या हातात पडावं म्हणून आजच टाकतोय. तिकिटं दोन लावलीत.

मी येतोय. बसने येणार होतो, पण बसवाला म्हणाला कुऱ्हाड रुतलेला ओंडका घेऊन चढता येणार नाही. म्हणून होबर्टला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, मांडीची गोष्ट पण, कारण ती मांडी त्याच्याच आजीने दिली होती. उत्तर आलं नाही. काल दुपारी कुत्रा भुंकला, बाहेर बघतो तर होबर्ट, पिकअप घेऊन. ओसरीवर आलाच नाही. अंगणातूनच म्हणाला, "तुझ्या भावासाठी आलेलो नाही. माझ्यावर आलेला आळ तू न्यायाधीशासमोर उतरवतोस का, ते बघायला आलोय." मी म्हटलं, उतरवतो. तो म्हणाला, "जेवायला काय आहे?" मक्याची भाकर आणि शेंगा वाढल्या. शेंगांना मीठ कमी आहे म्हणाला आणि तीनदा घेतल्या.

मला भीती वाटत नाही असं लिहिलं तर तो आणखी एक खोटा कागद होईल. काल चार वेळा अंगावरचा शर्ट बदलला. कोंबड्या पोस्टातल्या बाईंकडे दिल्यात. घराची किल्लीही त्यांच्याकडे आहे. मी आलोच नाही तर त्या कोंबड्या ठेवून घेतील. हसल्या नाहीत यावेळी.

तू सतराला काही बोलू नकोस. न्यायाधीशांनी विचारलं कोण खोटं बोललं, तर खाली बघ. माझ्याकडे पण बघू नकोस, तू बघितलंस की माझ्याने होणार नाही. मी हात वर करून सांगेन की मी बोललो. लिहून घेऊ देत. आत टाकतील तर टाकू देत, तिथे निदान माझी काळजी करायला दुसरं कुणीतरी असेल.

आणि शर्टाची बटणं घरी लावून येऊ नकोस. रेनाला तिथे लावू दे, सगळ्यांसमोर. मला माहीत आहे मी काय मागतोय.

आज सकाळी आम्ही ओंडका पिकअपमध्ये चढवला. दीड वर्षं पावसात होता, पातं गंजलंय, लाकडाने त्याला चहूकडून धरून ठेवलंय. चढवताना दांडा आडवा येत होता. होबर्टने ओंडक्यावर पाय रोवला आणि दांड्याला दोन्ही हात घातले. म्हणाला, "ओढून काढतो, मग सोपं जाईल."

मी म्हटलं, हात लावू नकोस. त्याने सोडली तशीच न्यायाधीशांना बघू दे.

एस्टिल